पाहुणी तुर्कस्तानची, पाणी कोयनेचे

परदेशी पाहुणा घरी येणार असे कळले की आपल्याकडे नुसती धांदल उडते. भिंतीला चुना लागतो, ट्रंकेतल्या चादरी बाहेर येतात, शेजारून कपबशा येतात. पण त्या पाहुण्याला आपण काय दाखवणार, काय सांगणार आणि तो विचारील त्याला काय उत्तर देणार, याचा विचार मात्र कोणी करीत नाही. आमच्या घरी गेल्या हिवाळ्यात असेच घडले. त्यातून आम्ही जे शिकलो ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा पुतण्या पुण्याला एका कंपनीत नोकरीस आहे. त्याच्या कचेरीतील एका तुर्की सहकाऱ्याची थोरली बहीण भारत पाहायला आली होती. बाई व्यवसायाने शिक्षिका. आग्रा पाहून झाले, मुंबई पाहून झाली. आता एखादे खेडे पाहायचे, असा त्यांचा हट्ट. पुतण्याने आमच्याशी बोलून त्यांना पाटणला आणायचे ठरवले.

पाटण म्हणजे कोयना आणि केरा या दोन नद्यांच्या संगमावरचे गाव. दाखवण्यासारखे आमच्याकडे पुष्कळ आहे. वर कोयनानगरला धरण आणि शिवसागर जलाशय आहे. धरणाची साठवण क्षमता आज १०५ टीएमसीच्या वर आहे आणि कोयना प्रकल्पाची वीजनिर्मिती क्षमता १,९६० मेगावॅट आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली, तीत कोयना आणि कास दोन्ही आहेत. दातेगडावर कातळात खोदलेली, तलवारीच्या आकाराची विहीर आहे. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. पुतण्याने दोन दिवसांचा कार्यक्रम आखला, त्यात हे सारे होते. आपली वस्ती, आपले विहार आणि आपली माणसे मात्र त्या कागदावर कोठेच नव्हती. त्या वेळी हे आमच्याही लक्षात आले नाही.

पहिलाच प्रसंग पाण्याचा

बाई आल्या. उंबऱ्याशी थांबून त्यांनी आपणहून पायातले बूट काढले. सगळ्यांना आश्चर्य वाटले. पुढे कळले की तुर्कस्तानातही घरात पादत्राणे घालून जात नाहीत. दारातच ती काढतात आणि पाहुण्याला घरातल्या सपाता देतात.

आमच्या चुलतींना घरात सारे आजी म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. आजींनी घासून लखलखीत केलेला तांब्या भरून आणला, वर फुलपात्र उपडे घातले आणि म्हणाल्या, "घ्या बाई, पानी घ्या. लांबून आलायसा."

बाईंनी तांब्याकडे पाहिले, पुतण्याकडे पाहिले आणि हात आखडता घेतला. पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली व तीच तोंडाला लावली.

घरात एकदम शांतता पसरली. आजींनी तांब्या उचलला आणि काही न बोलता आत गेल्या. आम्ही मागोमाग गेलो. आजी चुलीपुढे बसल्या होत्या. म्हणाल्या, "आता कुठल्या कुठल्या देशातनं मानसं येऊन आपलं पानी नको म्हनत्यात व्हय?"

वाचकहो, आजींच्या या प्रश्नामागे काय आहे ते आपल्याला वेगळे सांगायला नको. त्यांच्या माहेरच्या गावी विहिरीवर आपल्या बायकांनी हात लावायचा नाही, अशी रीत होती. कोणी पोहरा ओढून वरून घागरीत पाणी ओतील तेव्हा घ्यायचे. तोवर उन्हात ताटकळत उभे राहायचे. घटना होऊन गेली होती, कायदा झाला होता, पण विहीर बदललेली नव्हती. लहानपणी तेथे उभ्या राहिलेल्या बाईने आपल्या घरचा तांब्या नाकारला गेलेला पाहिला, तर तिच्या मनात दुसरे काय येणार?

चूक बाईंची नव्हती, तशी आजींचीही नव्हती. चूक होती आम्हा मधल्या माणसांची. परदेशी माणसाच्या पोटाला आपल्याकडच्या पाण्यातील जंतूंची सवय नसते, त्यामुळे डॉक्टर त्याला उकळलेले अथवा बाटलीबंद पाणीच पिण्यास बजावतात, ही साधी गोष्ट आम्ही आजींना आधी सांगितली नव्हती. आणि या घरात पाण्याला नाही म्हणणे म्हणजे काय, हे पाहुणीला सांगितले नव्हते.

पुतण्याने दोघींना समजावून सांगितले. आजींनी मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवले. बाई स्वयंपाकघरात येऊन आजींजवळ पाटावर बसल्या. पिशवीतून एक बाटली काढून त्यांनी आजींच्या तळहातावर काहीतरी ओतले. लिंबाचा घमघमाट सुटला. त्याला तिकडे 'कोलोन्या' म्हणतात. हे एक प्रकारचे अत्तरपाणी असते. तिकडे पाहुणा घरात आला की प्रथम त्याच्या हातावर कोलोन्या घालतात. लांबच्या प्रवासाच्या बसमध्येसुद्धा ते देतात. आजींनी हात चोळून वास घेतला आणि हसल्या. मग चहा झाला.

चहा, ताक आणि भाकरी

चहाच्या निमित्ताने गोष्टी निघाल्या. तुर्की माणूस जगात सर्वांत जास्त चहा पितो. काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागात चहाचे मळे आहेत. एकावर एक अशा दोन किटल्या असतात. खालच्या किटलीत पाणी उकळते आणि वरच्या किटलीत चहाचा अर्क मुरतो. कमरेशी बारीक अशा छोट्या काचेच्या पेल्यातून, दूध न घालता तो पितात. आमचा दूध-साखरेचा, आले ठेचून घातलेला चहा बाईंनी दोनदा मागून घेतला, तेव्हा आजींची कळी खुलली.

जेवायला नाचणीची भाकरी, इंद्रायणीचा भात, आमटी आणि ताक असा बेत होता. मटण करावे की नाही, हे मात्र आम्ही आधी विचारून घेतले होते. ताक पिऊन बाई म्हणाल्या, हे तर आमचे 'आयरान'! दह्यात पाणी आणि मीठ घालून घुसळलेले आयरान तिकडे घरोघर जेवणाबरोबर पितात. भाकरी थापणाऱ्या सुनेजवळ त्या बराच वेळ बसल्या. अनातोलियाच्या खेड्यात बायका एकत्र बसून मोठ्या लोखंडी तव्यावर 'युफ्का' नावाची पातळ रोटी भाजतात. अशा रोट्या मिळून करण्याच्या आणि वाटून खाण्याच्या चालीची युनेस्कोने २०१६ मध्ये पाच देशांच्या नावे नोंद केली, त्यात तुर्कस्तान एक आहे. जमिनीवर पडलेला भाकरीचा तुकडा तिकडे पायाखाली येऊ देत नाहीत. तो उचलून ओठाला व कपाळाला लावतात आणि उंच जागी ठेवतात. आजी म्हणाल्या, "अन्नाची किंमत भुकेल्यालाच कळती, मग त्यो कुठलाबी असू दे."

पुतणी नववीत आहे. तिने वही घेऊन शब्दांचा खेळ मांडला. आपण दुनिया म्हणतो, ते 'दुन्या' म्हणतात. आपले मैदान ते त्यांचे 'मेयदान', कलम ते 'कालेम', हवा ती 'हावा', पनीर ते 'पेयनीर', चहा तो 'चाय'. फारसी आणि अरबीतून काही शब्द तिकडे गेले, काही इकडे आले. तोफ आणि कैची हे शब्द तर आपल्याकडे तुर्की भाषेतूनच आले आहेत. चार हजार किलोमीटरहून दूर असलेल्या माणसाशी आपण अर्धी भाषा नकळत बोलतो, याची मुलांना मोठी गंमत वाटली.

'नजर' हा शब्दही दोन्हीकडे एकच, आणि दुर्दैवाने त्यामागची समजूतही एकच! आपल्याकडे गाडीला काळी बाहुली टांगतात, तिकडे दारावर निळ्या काचेचा डोळा टांगतात. बाईंनी तसा एक मणी पुतणीला दिला. पुतणीने तो घेतला, पण सरळ सांगितले की आम्ही हे मानत नाही, आठवण म्हणून ठेवीन. बाई म्हणाल्या, मीही शाळेत मुलांना हेच सांगते.

खरा प्रश्न

संध्याकाळी बाई फिरायला निघाल्या. गावठाणातून चालत आपल्या वस्तीकडे आल्या, विहार पाहिले, बाबासाहेबांचा पुतळा पाहिला. मग त्यांनी विचारले, "तुमची घरे गावापासून अशी वेगळी का?"

पुतण्या इंजिनीअर आहे, इंग्रजी फर्डे बोलतो. पण या प्रश्नावर त्याची जीभ अडखळली. "जागा इकडे मिळाली म्हणून," असे काहीतरी तो बोलून गेला. आम्हीही गप्प राहिलो. परक्या देशाच्या माणसापुढे आपल्या देशाची उणी बाजू कशाला काढायची, असे त्याच्या मनात असावे. आणि खरे सांगायचे तर, आपण कोण हे कळल्यावर पाहुणीची नजर बदलली तर, ही जुनी भीतीही असावी. शहरात भाड्याने घर शोधताना जी भीती त्याच्या पाठीशी होती, तीच येथे आपल्या दारात आडवी आली.

आजींनी विचारले, "काय इचारलं तिनं?" पुतण्याने सांगितले. आजी म्हणाल्या, "मग सांग की तिला खरं. आपन काय चोरी केलीया?"

आजींचे म्हणणे ऐकले आणि आम्हाला बाबासाहेबांच्या एका छोट्या पुस्तकाची आठवण झाली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे आठवणींचे लिखाण साधारण १९३५-३६ च्या सुमाराचे आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले आणि महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत ते बाराव्या खंडात आहे. कोलंबिया विद्यापीठातही ते विद्यार्थ्यांना वाचायला दिले जाते. या लिखाणाच्या आरंभी बाबासाहेबांसमोर जो वाचक आहे, तो परदेशी आहे. अस्पृश्यता आहे हे त्या माणसाने ऐकलेले असते, पण गावाच्या कडेला राहणारे मूठभर लोक ती कशी सोसतात, हे त्याच्या ध्यानात येणे कठीण असते. नुसते वर्णन करण्यापेक्षा घडलेले प्रसंग सांगितले तर त्याला समजेल, असे बाबासाहेबांनी ठरवले. म्हणजे आमच्या पाहुणीने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर नव्वद वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते!

आणि त्यातला पहिलाच प्रसंग आपल्या सातारा जिल्ह्यातला आहे. आमच्या पुतणीने तो पाहुणीला सांगितला. शब्द अडले तेथे पुतण्याने इंग्रजीत सांगितले.

१९०१ सालची गोष्ट. बाबासाहेब साताऱ्याला शाळेत होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचे नाव दाखल झाले होते. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वडील रामजीबाबा तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगावला, दुष्काळी कामावरील तलावाच्या बांधकामावर रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना त्यांनी बोलावले. बाबासाहेब, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे नवे कपडे घालून आगगाडीने निघाले व संध्याकाळी मसूर स्टेशनवर उतरले. हे मसूर आमच्या शेजारच्या कराड तालुक्यातले. पत्र वेळेवर पोचले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणीच आले नव्हते. मुलांचे चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, पण जात कळताच त्याचा चेहरा पालटला. एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. डब्यात खायला होते, पण वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. रात्री जकात नाक्यावर जात लपवून पाणी मागितले, तरीही मिळाले नाही. मुले उपाशीच झोपली.

पाहुणीने सारे ऐकून घेतले. काही वेळाने त्या आजींना म्हणाल्या, "सकाळी मी तुमचे पाणी घेतले नाही, तेव्हा तुम्हाला काय वाटले असेल ते मला आता कळले."

नजर बदलेल ही आमची भीती अशी खोटी ठरली. उलट, आम्ही खरे बोललो म्हणून त्याही खरे बोलल्या. त्यांच्या देशात रोमा लोकांच्या वस्त्या शहराच्या कडेला असतात, त्यांच्या मुलांना शाळेत नावे ठेवतात. इस्तंबूलमधील सुलुकुले ही रोमा लोकांची फार जुनी वस्ती २००८-०९ च्या सुमारास नगरविकासाच्या नावाखाली पाडली गेली. या रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातूनच तिकडे गेले, त्यांची भाषा आपल्या भाषांच्या नात्यातली आहे. आग्र्याला दहा वाटाडे भेटले, पण अशा गोष्टी बोलायला तेथे कोणी भेटले नाही, असे त्या म्हणाल्या.

लेणी आणि पाण्याची टाकी

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम आम्ही बदलला. दातेगड ठेवला, पण पवनचक्क्या सोडून कराडजवळच्या जखिणवाडीला आगाशिवाची लेणी पाहायला गेलो. डोंगराच्या कुशीत पन्नासहून अधिक बौद्ध लेणी आहेत, साधी आणि फारसे कोरीवकाम नसलेली. भिक्खूंच्या खोल्या, दगडी बाके, स्तूप असे त्यांचे रूप आहे. बाईंना आपल्या कापादोक्याची आठवण झाली. तेथे मऊ खडकात लोकांनी घरे आणि ख्रिस्ती मठ कोरले. त्यातील गोरेमे हे स्थळ १९८५ पासून जागतिक वारसा आहे. तिकडे अशा घरांतून पाहुण्यांसाठी खोल्या केलेल्या आहेत आणि स्थानिक माणसेच त्या चालवतात.

आपल्याकडे काय आहे? बौद्ध लेण्याला सर्रास 'पांडवलेणी' म्हणून सांगणारे भेटतात. परदेशी माणूस तेच ऐकून जातो. मध्य प्रदेशातील भारहुतच्या स्तूपावरील लेखात करहाकट, म्हणजे आपल्या कराडच्या, लोकांच्या दानाची नोंद आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर यवन दात्यांची नावे आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी माणूस आपल्या मुलखात येतो आणि वाटसरूसाठी पाणी देऊन जातो! त्याच मुलखात १९०१ साली एका लहान मुलाला पाणी मिळत नाही आणि १९२७ साली २० मार्चला पाण्यासाठीच महाडला चवदार तळ्यावर जावे लागते. आपला हा इतिहास आपल्या मुलांनी सांगितला नाही, तर कोण सांगणार?

बाई म्हणाल्या, इस्तंबूलमध्ये जुन्या काळी रस्त्याकडेला 'सेबील' नावाच्या देखण्या पाणपोया दानशूर लोक बांधत, जाळीतून पेला पुढे येई आणि कोणाही वाटसरूला फुकट पाणी मिळे. अनातोलियाच्या खेड्यात 'गावाची खोली' असे. परका माणूस रात्री आला तर तेथे झोपे, आणि गावकरी पाळीपाळीने जेवण पोचवीत. अशा अवचित पाहुण्याला ते 'देवाचा पाहुणा' म्हणतात. आपण देव मानीत नाही, पण माणसाला माणूस म्हणून पाणी द्यावे, हे शिकवायला देव लागत नाही.

आपल्या घरी पाहुणा येणार असेल तर

आमच्या अनुभवातून काही सूचना द्याव्याशा वाटतात.

पाणी उकळून, गार करून झाकून ठेवावे आणि उकळलेले आहे हे पाहुण्याला सांगावे. त्याने तरीही स्वतःची बाटली काढली तर मनाला लावून घेऊ नये. घरातील वडीलधाऱ्यांना हे आधीच समजावून सांगावे.

तिखट बेताने घालावे. काय खात नाही, हे आधी विचारावे. एकदा नको म्हटल्यावर फार आग्रह करू नये.

पाहुण्याला फोटो काढायचे असतील तर ज्याचा फोटो त्याची परवानगी घ्यायला सांगावे. गरिबीचा फोटो काढू द्यायचा की नाही, हे त्या घराने ठरवावे.

परदेशी नागरिक मुक्कामाला राहणार असेल तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारकडे द्यावी लागते. जवळच्या पोलीस ठाण्यात आधीच विचारून घ्यावे, म्हणजे मागाहून त्रास होत नाही.

विहारात नेताना पादत्राणे कोठे काढायची, कोठे बसायचे, ते सांगावे. लेण्यांना जाण्यापूर्वी घरातील मुलांनी माहिती वाचून ठेवावी. आपली मुले इंग्रजी शिकली आहेत. पदवी हाती असून कामाविना बसलेल्या मुलामुलींनी वाटाड्याचे काम शिकले, तर पोटही भरेल आणि आपला इतिहासही खऱ्या नावाने सांगितला जाईल.

आणि शेवटची गोष्ट. पाहुण्याने विचारले तर खरे सांगावे. गाऱ्हाणे गाऊ नये आणि लपवूही नये. जे सोसले त्याची लाज सोसणाऱ्याला नसावी.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई निघाल्या. आजींनी रात्रीच उकळून ठेवलेले पाणी त्याच तांब्यातून पुढे केले. बाईंनी फुलपात्र भरून घेतले आणि सगळे पाणी प्यायल्या. मग आजींचा हात हातात घेऊन त्याचे चुंबन घेतले आणि तो आपल्या कपाळाला लावला. तुर्कस्तानात वडीलधाऱ्यांना निरोप देण्याची ही रीत आहे. आजी थोड्या बावरल्या. मग आत जाऊन त्यांनी बाईंच्या रिकाम्या बाटलीत राहिलेले पाणी भरून दिले आणि म्हणाल्या, "वाटंत लागंल."